दोन हजार सालची एक बाटली

मी आजवर जेवढी वाइन प्यायलो असेन, ती सगळी एका बादलीत मावेल. तरीही जवळजवळ दीड वर्ष स्टुटगार्टजवळच्या एका कंपनीत मी ऑस्ट्रेलियन वाइनचा जाणकार म्हणून ओळखला जात होतो. ही गोष्ट मी फारशी कुणाला सांगत नाही. गंमत म्हणून सांगायला घेतो, लोक हसायला लागतात, आणि अर्ध्यावर आलं की मलाच पुढे बोलवत नाही.

ही २००४-०५ च्या सुमाराची गोष्ट. मी पुण्याहून कॉन्ट्रॅक्टवर गेलेला मेकॅनिकल इंजिनिअर. गाड्यांच्या इंजिनांना लागणारे पंप बनवणारी कंपनी, आणि त्या पंपांच्या चाचण्या ठरवणं हे माझं काम. म्हणजे पंप किती तास पळवायचा, किती दाबाखाली, किती तापमानाला, हे मी कागदावर लिहायचो. प्रत्यक्षात तो पळवायचे आमच्या टेस्ट बेंचवरचे एक वयस्कर तंत्रज्ञ. श्वाबेनचा, म्हणजे तिथल्याच मातीतला, अस्सल माणूस, बोलणं मोजकं, निळा कोट, खिशात नेहमी एक चिंधी. घरी मी त्यांच्याबद्दल इतकं बोलायचो, की माझ्या बायकोने त्यांचं नावच पाडलं होतं, बेंचवाले काका.

पहिल्याच आठवड्यात मी त्यांना चाचणीचा एक तक्ता पाठवला होता. त्यात एका ठिकाणी मी एक शून्य जास्त दिलं होतं. ते ईमेलला उत्तर न देता जिना चढून माझ्या टेबलापाशी आले, कागद समोर ठेवला, त्या आकड्यावर बोट ठेवलं आणि हळू आवाजात म्हणाले, "असं केलं तर पंप जळेल. आल्झो, तुम्हाला जाळायचाच असेल तर जाळू." आल्झो, म्हणजे 'तर मग', हे त्यांचं पालुपद. माझ्या शेजारी बसणाऱ्यालाही ऐकू गेलं नाही. मी शून्य खोडलं, ते खाली गेले, आणि त्या शून्याबद्दल त्यांनी पुन्हा कधी एक अक्षर काढलं नाही. नव्या माणसाची चूक चव्हाट्यावर न आणता कशी सांगायची, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं होतं. पाहून शिकलो असतो, तर हे लिहायची वेळ आली नसती.

आमचा बॉस मात्र वेगळ्या घडणीचा. उंच, बोलका, वाइनचा भारी शौकीन. पहिल्या नाताळात सगळ्या डिपार्टमेंटचं जेवण होतं, आणि टेबलावर कुठल्या वर्षीची कुठली वाइन कशी यावर तास-दीड तास चर्चा चालली. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. काहीतरी करायचं म्हणून मी वेटरला बोलावून माझ्या रेड वाइनमध्ये बर्फ मागितला. कुणी मोठ्याने हसलं नाही. जर्मन माणूस अशा वेळी हसत नाही, तो नजर प्लेटकडे वळवतो. अकरा माणसांनी एकदम नजर प्लेटकडे वळवली, ते मला हसण्यापेक्षा जास्त झोंबलं.

आता माझ्या स्वभावाची एक गोष्ट सांगायला हवी. मला एखादी गोष्ट येत नाही हे कुणाला कळलं, की मी ती शिकत नाही, पाठ करतो. आमच्या पिढीतल्या कित्येक इंजिनिअरांचं हेच. बारावीला केमिस्ट्री समजली नव्हती, पण मार्क शंभरातले अठ्ठ्याण्णव पडले होते. तेव्हा सुट्टी संपायच्या आत मी आमच्या एस-बान लोकलच्या स्टेशनजवळच्या वाइनच्या दुकानात गेलो. काउंटरवर घडीची कार्डं ठेवलेली होती, देशागणिक एक, फुकट. त्यावर तक्ता छापलेला. आडवी वर्षं, उभे प्रदेश, आणि प्रत्येक चौकोनात दहापैकी गुण. कुठल्या वर्षी कुठल्या प्रदेशाची वाइन कशी उतरली, ते एका दृष्टिक्षेपात.

जर्मनी, फ्रान्स, इटली या कार्डांना मी हात लावला नाही. त्या विषयांत वर्गात हुशार मुलं फार होती. ऑस्ट्रेलियाच्या कार्डांचा गठ्ठा तसाच होता, रबरबँडही निघालेलं नव्हतं. आमच्या डिपार्टमेंटमधलं कुणी ऑस्ट्रेलियन वाइन गंभीरपणे घेत नव्हतं. म्हटलं, हाच विषय घ्यायचा, इथे पहिला नंबर येणार.

प्रदेश बरेच होते. बरोसा, मॅकलारेन व्हेल, कूनावारा, क्लेअर, यारा, पश्चिमेकडची मार्गारेट रिव्हर, सिडनीच्या बाजूची हंटर. एवढ्या सगळ्यांना वर्षांनी गुणायचं म्हणजे पाठांतर फार. मग मी इंजिनिअरने करावं ते केलं. तक्ता एक्सेलमध्ये उतरवला आणि प्रत्येक वर्षाची सरासरी काढली. एका वर्षाला एक आकडा. अठ्ठ्याण्णव उत्तम, दोन हजार टाकाऊ, दोन हजार दोन छान. अख्ख्या खंडाची वाइन मी एका ओळीत बसवली आणि ती ओळ पाठ केली, एस-बानमध्ये जाता-येता.

पुढच्या जेवणाला बॉसने कौतुकाने दोन हजार दोनची एक बरोसा आणली होती. मी ग्लास हातात घेऊन म्हणालो, "त्या वर्षी तिथे उन्हाळा थंड होता. द्राक्षं सावकाश पिकली." हे कार्डावरच्या तळटीपेतलं वाक्य होतं, जसंच्या तसं. बॉसने एक घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "गेनाऊ! अगदी बरोबर!" त्या दिवसापासून मी "उन्झर एक्सपेर्टे", म्हणजे आमचा तज्ज्ञ. कँटीनमध्ये मला त्याच्या टेबलावर बोलावणं यायला लागलं. दर डिसेंबरात माझं कॉन्ट्रॅक्ट वाढवायचं की नाही हे तोच ठरवायचा, त्यामुळे ते टेबल मला फार आवडायचं. बेंचवाले काका कँटीनच्या दुसऱ्या टोकाला वर्कशॉपच्या लोकांत बसायचे. आधी मी तिथे त्यांच्यासोबत बसायचो.

ऑक्टोबरात काका निवृत्त झाले. जर्मनीत जाणारा माणूस मागे राहणाऱ्यांना खाऊ घालतो, त्याला आउसश्टांड म्हणतात. गुरुवारी दुपारी वर्कशॉपमध्येच दोन फळ्यांचं टेबल मांडलं होतं. लोणी लावलेले ब्रेत्सेलचे वेटोळे पाव, बटाट्याचं सॅलड, कापलेला लेबरकेस म्हणजे भाजलेल्या मांसाच्या चकत्या. काकांची बायको पहाटेपासून खपली असणार. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. निळ्या कोटाशिवाय मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो, आणि ते थोडे लहान दिसत होते.

सगळे जमल्यावर त्यांनी कापडी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक बाटली काढली. पंचवीस माणसांत एक बाटली, म्हणजे एकेक घोटच येणार. त्यासाठी त्यांनी छोटे काचेचे ग्लास घरून आणले होते, तेही वर्तमानपत्रात गुंडाळून. मग ते चक्क बोलले. इतक्या वर्षांत त्यांनी कधी भाषण केलं नसेल. म्हणाले, "माझी मुलगी ऑस्ट्रेलियात असते. तिकडे गेली त्या पहिल्या वर्षी तिने द्राक्षांच्या मळ्यात काम केलं. ही द्राक्षं तिने स्वतः तोडली आहेत. पप्पा, कामाच्या शेवटच्या दिवशी तुमच्या लोकांबरोबर उघडा, असं तिने लिहिलं होतं. आल्झो, आज शेवटचा दिवस आहे."

हे सगळं मी ऐकलं होतं. ऐकलं नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

"ऑस्ट्रेलिया!" बॉस ओरडला. "आपला एक्सपेर्टे कुठे आहे?" लोकांनी वाट करून दिली. माझी छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू. मी पुढे झालो, काकांनी बाटली माझ्यासमोर धरली, आणि मी लेबलवरचं साल पाहिलं. त्याखालीही काही लिहिलं होतं, पण मला सालाशीच मतलब होता. दोन हजार. ओळ पाठ होतीच.

"ओह," मी म्हणालो, "दोन हजार. वाईट वर्ष. ऑस्ट्रेलियात त्या वर्षी काही धड झालं नाही."

"मग सॉससाठी ठेवा!" बॉस म्हणाला, आणि सगळे हसले. मीही हसलो. काकांच्या हातात कॉर्कस्क्रू होता. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी बाटली आपल्याकडे वळवून साल एकदा वाचलं, जणू ते आधी कधी वाचलंच नव्हतं. कानापर्यंत लाल झाले. "जा, जा," ते म्हणाले, म्हणजे जर्मनमधलं हो, हो, "सॉससाठी." आणि बाटली पुन्हा त्याच वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत ठेवली. बॉसने गाडीतून झेक्टच्या, म्हणजे फेसाळ जर्मन वाइनच्या, बाटल्या आणवल्या, आणि घरून आणलेल्या त्या छोट्या ग्लासांत आम्ही झेक्ट प्यायलो.

संध्याकाळी मी हे बायकोला सांगितलं ते बॉस कसा हसला म्हणून. ती भाजी चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली.

"अरे, पण ती त्यांच्या मुलीची बाटली होती ना?"

"हो, पण वर्षच वाईट होतं. मी काय करणार?"

"ऑस्ट्रेलियात कुठली होती?"

"म्हणजे?"

"म्हणजे कुठल्या भागातली? तूच सांगतोस ना मामांच्या त्या व्यापाऱ्याची गोष्ट?"

तिने एवढंच म्हटलं आणि पुन्हा भाजी चिरायला लागली. माझ्या मामांची निफाड तालुक्यात द्राक्षबाग होती. सुट्टीत मी तिथे असायचो. एका वर्षी दिंडोरीच्या बाजूला गारपीट झाली होती, आमच्या बाजूला गारेचा एक खडा पडला नव्हता. घड असे भरले होते की मामा दिवसातून चार वेळा उगाचच बागेत चक्कर मारून यायचे. आणि व्यापारी आला तो बांधावरूनच म्हणाला, "यंदा नाशिकचा माल डागी." मामांनी एक घड तोडून त्याच्या हातावर ठेवला. "खा," म्हणाले, "आणि मग बोल." तो खाईना. हातात धरून नुसता उभा राहिला. मामांना इतकं चिडलेलं मी त्याआधी आणि त्यानंतर पाहिलं नाही. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा होतो आणि मोठेपणी मी त्या माणसासारखा होणार नाही असं मनाशी ठरवलं होतं. माझ्या बायकोला ही गोष्ट मी लग्नाआधीच सांगितली होती, मी किती संवेदनशील आहे हे कळावं म्हणून.

कार्ड ड्रॉवरमध्ये होतं. काढायला हात धजेना, तरी काढलं. लेबलवर सालाखाली काय लिहिलं होतं ते मला आता आठवायला लागलं होतं, कारण डोळ्यांनी ते वाचलं होतंच, फक्त मी लक्ष दिलं नव्हतं. हंटर. मी हंटरच्या ओळीवर बोट ठेवून दोन हजारच्या चौकोनापर्यंत आलो. त्या चौकोनात नऊ होते. त्या ओळीतला सगळ्यात मोठा आकडा. बरोसा, कूनावारा, क्लेअर, सगळ्यांचे गुण पडलेले, त्यांनी सरासरी खाली ओढलेली, आणि हे नऊ मी त्यात बुडवून टाकले होते.

तरीही शनिवारी मी दुकानात गेलो. वाटलं, कार्डात छापायची चूक असेल. खरंच, असंच वाटलं. माणूस स्वतःला वाचवायला कुठवर जातो. दुकानाच्या बाईंनी माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. "नाही, बरोबर छापलंय," त्या म्हणाल्या. "दक्षिणेकडे त्या वर्षी उष्णता आणि नको तेव्हा पाऊस. हंटरला फारच सुंदर वर्ष. तिथे एरवी काढणीच्या वेळी पावसाची भीती असते, त्या वर्षी आभाळ कोरडं राहिलं." मग त्यांनी मला शाळेतल्या मुलासारखं समजावलं, की जो प्रदेश मुळात गरम आहे त्याला थंड वर्ष मानवतं, जो थंड आहे त्याला थोडं ऊन हवं असतं, त्यामुळे एकच वर्ष एकीकडे वरदान आणि दुसरीकडे शिक्षा. अख्ख्या ऑस्ट्रेलियाचं असं एक वर्ष नसतंच. "बरोसा ते हंटर म्हणजे इथून जवळजवळ नेपल्स," त्या म्हणाल्या. "नेपल्सला पाऊस झाला म्हणून आपण आपल्या टेकडीवरची द्राक्षं फेकून देतो का?"

मी म्हटलं, नाही. त्यांनी विचारलं, काही हवंय का. मी म्हटलं, नाही, आणि बाहेर पडलो. समोरच्या टेकडीवर द्राक्षांच्या रांगा होत्या, पानं पिवळी पडलेली, मधून दगडी पायऱ्या. ती टेकडी मी रोज पाहत होतो आणि ती टेकडी पाहून मला कधी मामांची बाग आठवली नव्हती.

आता सरळ माणूस त्याच दिवशी काकांच्या घरी गेला असता. फोनसुद्धा पुरला असता. "श्रीयुत अमुक, माझी चूक झाली, बाटली उघडा, ती उत्तम आहे." एवढी दोन वाक्यं. मी ती जर्मनमध्ये लिहून काढली, व्याकरण तपासलं, आणि फोन केला नाही. कारण काका वर्कशॉपमधल्या कुणालातरी सांगणार, ते बॉसपर्यंत जाणार, आणि डिसेंबर तोंडावर आलेला. म्हटलं, एक्स्टेन्शन होऊ दे, मग सांगू. एक्स्टेन्शन झालं. मग म्हटलं, नाताळात कशाला त्यांना त्रास. बायको दर रविवारी विचारायची, "केलास फोन?" जानेवारीत तिने विचारायचं सोडून दिलं, आणि तिने विचारायचं सोडल्याचं मला वाईट वाटायच्या ऐवजी हायसं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला काकांचाच फोन आला. रविवारी जेवायला या, दोघंही. मी चटकन हो म्हटलं. ठरवलं, आता तोंडावरच सांगायचं. कार्ड घेऊन जायचं, त्यांच्यासमोर उघडायचं, नऊवर बोट ठेवायचं, जसं त्यांनी माझ्या शून्यावर ठेवलं होतं. मनात चित्र अगदी छान होतं. ते बाटली उघडतील, आम्ही चौघं पिऊ, सगळं मिटेल. कार्ड मी कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. बायकोने ते ठेवताना पाहिलं आणि बऱ्याच दिवसांनी माझ्याकडे बघून हसली.

काकांचं घर टेकडीवर, खालून शंभरएक पायऱ्या. दार उघडताच मसालेदार, आंबटगोड वास आला. काकूंनी टेबल मांडलं होतं, चांगल्या चिनीमातीच्या प्लेटा, कापडी नॅपकिन. माझी बायको शाकाहारी म्हणून तिच्यासाठी चीज घातलेलं श्पेट्झले, तिकडच्या जाड शेवया. "आणि तुम्ही गाय खात नाही," काका मला म्हणाले, "म्हणून माझ्या मेव्हण्याकडून हरीण आणलं. तो शिकारी आहे." मी पहिल्या वर्षी कँटीनमध्ये एकदा बोललेलं त्यांच्या लक्षात होतं. काकूंनी मोठं भांडं आणून मधोमध ठेवलं. गडद, जवळजवळ काळा रस्सा.

"तीन दिवस वाइनमध्ये मुरवलंय," काकू म्हणाल्या.

"तीच बाटली," काका म्हणाले, आणि माझ्याकडे पाहून हसले, अगदी मोकळेपणी. "तुमच्या सल्ल्याप्रमाणे. पिण्याजोगी नाही म्हणून ओतून थोडीच देणार. अख्खी घातली."

मी बायकोकडे पाहिलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं असणार. खिशातलं कार्ड एकाएकी मला फार जाड वाटायला लागलं. काकांनी माझ्या प्लेटमध्ये दोन मोठे तुकडे वाढले आणि वरून रस्सा ओतला. मी खाल्लं. प्लेट स्वच्छ केली, श्पेट्झलेने रस्सा पुसून घेतला, कारण एवढं तरी करायला हवं होतं. रस्सा फार सुंदर झाला होता. त्या वाइनची चव मला ठाऊक आहे ती तेवढीच.

कॉफीच्या आधी बोलायचंच असं मी ठरवलं. "मला तुम्हाला एक सांगायचंय," मी सुरुवात केली, आणि तेवढ्यात पॅसेजमध्ये फोन वाजला. काकूंनी घड्याळ पाहिलं. "तीच," त्या म्हणाल्या. "दर रविवारी या वेळेला करते. तिकडे आता काढणी चालू आहे." इकडे खिडकीबाहेर बर्फ होतं.

काका फोनवर बोलायला लागले. दार उघडंच होतं. ते नेहमीसारखे तुटक बोलत होते, जा, जा, नाइन, एवढं हो-नाहीपुरतं, आणि मग म्हणाले, "आज ते आलेत. तेच, भारतातले. वाइनचे जाणकार. हो हो, त्यांनी प्यायली होती ना त्या दिवशी. सगळ्यात जास्त तेच खूश होते." मग थोडं थांबून, "थांब, त्यांनाच देतो."

ते रिसीव्हर हातात घेऊन दारात उभे राहिले. डाव्या हाताने रिसीव्हरचं बोलायचं टोक झाकलं होतं. मला म्हणाले, अगदी हळू, जसे पहिल्या आठवड्यात म्हणाले होते, "बिट्टे, एवढं करा. तिला सांगा की चांगली होती. तिला दुसरं काही माहीत नाही."

तेव्हा मला कळलं की त्या गुरुवारी घरी जाऊन त्यांनी मुलीला फोन केला होता आणि खोटं सांगितलं होतं.

मी फोन घेतला. मुलीचा आवाज थकलेला पण आनंदी होता. ती म्हणाली, "पप्पांनी सांगितलं मला, तुम्हाला आवडली म्हणून. खरं सांगू, मला विश्वासच बसला नव्हता. मी इकडे आले तेव्हा ते वर्षभर माझ्याशी धड बोलत नव्हते. इंजिनिअरिंग सोडून द्राक्षं तोडायला गेली म्हणून. आणि त्या दिवशी वीस मिनिटं ते वाइनबद्दल बोलत होते. वीस मिनिटं, माझे पप्पा!"

"दोन हजार हे हंटरचं फार उत्तम वर्ष आहे," मी म्हणालो. "तुमच्या भागातलं सर्वोत्तमांपैकी एक. दक्षिणेत बिघडलं होतं, पण तुमच्याकडे आभाळ कोरडं राहिलं. मी हे उगाच म्हणत नाही. हे खरं आहे."

ती म्हणाली, "हे तुम्हाला माहीत आहे? तिकडे जर्मनीत कुणालाच माहीत नसतं." तिचा आवाज भरून आला होता. मी एकेक शब्द खणखणीत बोललो होतो, काकांना ऐकू जावा म्हणून. माझी कबुली मी त्यातच उरकून टाकायला बघत होतो. काका दारातच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

फोन ठेवल्यावर ते पॅसेजमध्येच माझ्याजवळ आले आणि त्यांनी माझा खांदा धरला. कधी कुणाला हात न लावणारा माणूस. "किती छान बोललात," ते म्हणाले. "आभाळ कोरडं आणि काय काय. मला एवढं सुचलं नसतं. एका बापासाठी तुम्हाला खोटं बोलावं लागलं, हे मी विसरणार नाही."

कार्ड माझ्या खिशात होतं. हात आत घातला की हाताला लागणार होतं. पण ते काढलं, की ज्या बाटलीसाठी मुलीने पाच वर्षं वाट पाहिली ती चांगली होती आणि आपण ती हरणावर ओतली, हे त्यांना त्याच पॅसेजमध्ये कळणार होतं. ते त्यांना कळू नये म्हणून मी गप्प बसलो, असं मी पुढे पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता आणि मला तो काढून घेतला जायला नको होता. मी भित्रा होतो, ऑक्टोबरात होतो तसाच.

त्यांनी आत नेऊन कपाटातून त्यांच्या टेकडीवरची साधी रेड वाइन, ट्रोलिंगर, काढली, दोन ग्लास भरले आणि एक माझ्या हातात दिला. वयाने मोठा माणूसच हे करू शकतो तिकडे, आणि पुष्कळजण आयुष्यभर करत नाहीत. "इतकी वर्षं आपण एकमेकांना तुम्ही म्हणत आलो," ते म्हणाले. "आता पुरे. आजपासून तू." ग्लासाला ग्लास लावला. माझी बायको टेबलापाशी बसून नॅपकिनची घडी घालत होती, पुन्हा उलगडत होती.

निघताना खिडकीच्या कठड्यावर मला ती रिकामी बाटली दिसली. स्वच्छ धुतलेली, लेबल जपून कोरडं ठेवलेलं. श्वाबेनचा माणूस रिकामी बाटली दुसऱ्या दिवशी काचेच्या कचऱ्याच्या डब्यात टाकतो, घरात ठेवत नाही. मी बघतोय हे काकांनी पाहिलं.

"राहू दे म्हटलं," ते म्हणाले. "वाइन वाईट निघाली म्हणून काय झालं? तिची पहिली होती. तुला काय वाटतं?"

"हो," मी म्हणालो, "राहू दे."